निसान फिगारो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनला फिरायला गेलेल्या मंडळींकडून एक फोटो हमखास येतो. फिकट रंगाची, गोल दिव्यांची, पांढरट टपाची चिमुकली गाडी आणि खाली प्रश्न: ही कुठली जुनी फियाट? ती फियाट नाही, युरोपातलीही नाही आणि दिसते तेवढी जुनी तर मुळीच नाही. निसान फिगारो तिचं नाव. तिच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं जाणारं इथे एकत्र केलंय. गाडी घ्यायचा विचार असेल तर थेट खालच्या अर्ध्या भागाकडे गेलात तरी चालेल.

गाडी नेमकी कुठल्या सालची?

१९९१ ची. १९८९ च्या टोकियो मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १४ फेब्रुवारी १९९१ रोजी, म्हणजे मुद्दाम व्हॅलेंटाइन डे गाठून, विक्रीला निघाली. किंमत १८ लाख ७० हजार येन. उत्पादन थोडाच काळ चाललं आणि २० हजारांच्या आसपास गाड्या बनल्यावर थांबलं. विक्री फक्त जपानपुरती होती. त्यामुळे आज जपानबाहेर दिसणारी प्रत्येक फिगारो वापरलेली गाडी म्हणून बोटीने गेलेली आहे.

पण ती १९५०-६० च्या कुठल्या तरी गाडीची नक्कल असणार ना?

नाही. एकाला तिच्यात जुनी फियाट दिसते, दुसऱ्याला ऑस्टिन, तिसऱ्याला रेनो, आणि प्रत्येक जण ठासून सांगतो. शोजी ताकाहाशी यांनी रेखाटलेल्या या आकारात त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या खुणा आहेत: दोन रंगांची बॉडी, क्रोमच्या कडा, थाळीसारख्या व्हील कॅप, गोल दिवे, बसकी जाळी. पण ‘मूळ गाडी’ म्हणून बोट दाखवावं अशी एकही नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पुढे फोक्सवॅगनने न्यू बीटल काढली, बीएमडब्ल्यूने मिनी, फियाटने २००७ मध्ये नवी ५००. या सगळ्या आपापल्या घराण्यातल्या जुन्या गाडीचं नाव लावून आल्या. फिगारोच्या मागे असं घराणं नाही. निसानने अशी गाडी कधी बनवलीच नव्हती, आणि तरी बघणाऱ्याला ती ओळखीची वाटते. कारागिरी म्हणून हे जास्त अवघड काम आहे.

निसानसारख्या कंपनीला हे सुचलं कसं?

१९८० च्या दशकाच्या मध्यात जपानी गाड्या उत्तम चालत होत्या, बंद पडत नव्हत्या, आणि दिसायला बहुतेक एकसारख्या चौकोनी होत्या. निसानने नेहमीच्या रचनेबाहेर एक छोटा गट उभा केला. पाईक फॅक्टरी म्हणून तो ओळखला जातो. काम एकच: रोजच्या साध्या गाडीच्या सांगाड्यावर वेगळ्या चेहऱ्याच्या, मोजक्या संख्येच्या गाड्या बनवायच्या.

या विचारामागचं मोठं नाव म्हणजे नाओकी साकाई. ते मोटारवाले नव्हतेच, फॅशनच्या जगातून आले होते. त्यांच्या वॉटर स्टुडिओने याच काळात ऑलिंपस कंपनीसाठी ‘ओ-प्रॉडक्ट’ नावाचा कॅमेरा केला. अॅल्युमिनियमचं कवच, गोल आणि चौकोन एकमेकांत बसवलेले, आणि तोही २० हजारांपुरताच. तो कॅमेरा आणि ही गाडी शेजारी ठेवली तर एकाच डोक्यातून आल्यासारखी वाटतात.

पहिली आली बी-१. १९८५ च्या टोकियो शोमध्ये दाखवली, १९८७ मध्ये १० हजार विकल्या. १९८९ मध्ये पाओ आली. तिची संख्या न बांधता तीन महिन्यांची मुदत बांधली, तेवढ्यात येतील तेवढ्या ऑर्डर घ्यायच्या, आणि ५० हजारांच्या वर ऑर्डर आल्या. त्याच वर्षी एस-कार्गो ही डिलिव्हरी व्हॅन आली, गोगलगाईच्या आकाराची. शेवटची फिगारो.

मागे पैसाही होता, हे विसरून चालणार नाही. जपानच्या फुगलेल्या अर्थव्यवस्थेचे ते दिवस. १९८९ च्या डिसेंबरअखेर तिथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९०० च्या वर गेला होता. फिगारो दाखवली गेली ती त्या ऐन भरतीत, आणि शोरूममध्ये पोहोचली तेव्हा ओहोटी लागली होती. पाईक मालिकेत पुढची गाडी आली नाही यात नवल नाही.

लॉटरी लावून विकली हे खरं का?

खरं. आधी ८ हजारच बनवायच्या ठरल्या होत्या. मागणी पाहून आकडा २० हजारांवर नेला, तरी पुरेना, म्हणून इच्छुकांची नावं घेऊन सोडत काढली. एका माणसाला एकच गाडी.

आपल्याकडे त्याच वर्षी काय चालू होतं ते आठवून पाहा. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी अजून नवी कोरी बाहेर पडत होती. तिचा साचा १९६० च्या दशकातल्या फियाट ११०० चा. अॅम्बॅसॅडरचा तर त्याहून जुना, मॉरिस ऑक्सफर्डचा. म्हणजे जुन्या वळणाच्या गाडीसाठी टोकियोत लोक चिठ्ठी निघायची वाट पाहत होते आणि इथे लोक त्याच वळणाच्या गाडीला कंटाळून मारुतीकडे वळत होते. फिगारो पाहून मुंबई-पुण्याच्या पन्नाशीतल्या माणसाला जे ‘अरे, ही तर ओळखीची’ असं होतं, त्याचं कारण इतकं साधं आहे. बहुधा त्याने लहानपणी अशाच गाडीला धक्का मारलेला असतो.

रंग चारच का?

चार ऋतूंचे चार. हिरवा वसंताचा, फिकट निळसर उन्हाळ्याचा, मातकट बदामी शरदाचा आणि करडा हिवाळ्याचा. कंपनीची नावं अनुक्रमे एमराल्ड ग्रीन, पेल अॅक्वा, टोपाझ मिस्ट आणि लॅपिस ग्रे. टप प्रत्येकीचा पांढरटच. लाल, काळी किंवा गुलाबी फिगारो दिसली तर ती नंतर रंगवलेली आहे. गुलाबी बऱ्याच दिसतात. ज्याची गाडी त्याची हौस, पण विकताना मूळ रंगाला भाव जास्त येतो हे लक्षात असू द्या.

आतून कशी आहे?

माझ्या मते गाडीचा खरा जीव आत आहे. कातडी सीट पांढरट रंगाच्या. डॅशबोर्डवर बेकेलाइट या पूर्वीच्या प्लॅस्टिकची आठवण करून देणारी बटणं, क्रोमचे खटके, गोल घड्याळ. रेडिओ १९५० च्या दशकातला वाटतो, पण त्यात सीडी प्लेअर आहे. एसी आहे, काचा बटणावर चालतात, गिअर ऑटोमॅटिक. जुन्या गाडीतलं दिसण्याचं सुख सगळं ठेवलंय आणि वापरण्याचं दुःख सगळं काढून टाकलंय. निदान १९९१ साली तरी तसं होतं. आता त्या सीडी प्लेअरलाच जुनी वस्तू म्हणून जपावं लागतं.

टप पूर्ण उघडतो का?

पूर्ण नाही. वरचं कापडी छत मागच्या काचेसकट हाताने घडी करून डिकीच्या वरच्या झाकणाखाली जातं. दारांवरच्या दोन्ही कडा मात्र जागेवर राहतात. त्यामुळे संपूर्ण उघड्या गाडीपेक्षा बॉडी घट्ट राहते आणि वारा अंगावर कमी येतो. किंमत डिकी मोजते: छत आत गेलं की सामानाला एका पिशवीपुरती जागा, आणि तीही खालच्या छोट्या दारातून वाकून ठेवायची.

बॉनेटखाली काय आहे? ही केई कार आहे का?

केई म्हणजे जपानी नियमांतला छोट्या गाड्यांचा वर्ग. फिगारो त्यात येत नाही. १९९० पासून केई गाडीला इंजिनाची मर्यादा ६६० सीसी आहे आणि फिगारोचं इंजिन ९८७ सीसीचं. लांबी ३.७४ मीटर, रुंदी १.६३ मीटर, म्हणजे मापातही ती केईच्या बाहेर जाते. मारुती ८०० पेक्षा साधारण ४० सेंटिमीटर लांब धरा.

सांगाडा पहिल्या पिढीच्या निसान मार्चचा, जी युरोपात मायक्रा म्हणून विकली गेली. चार सिलिंडर, टर्बो, ७६ अश्वशक्ती, तीन गिअरचा ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांना ओढ. वजन फक्त ८१० किलो. चाकं १२ इंची. मॅन्युअल गिअरची फिगारो कारखान्यातून आलीच नाही.

चालवायला कशी वाटते?

शहरात मजेदार. वजन कमी, वळणाचा घेर लहान आणि टर्बो जागा झाला की सिग्नलवरून अनपेक्षित चपळाईने निघते. मोठ्या रस्त्यावर चौथा गिअर नसल्याची आठवण सतत होत राहते. वेग धरला की इंजिनाचा आवाज एवढा चढतो की शेजारच्याशी बोलताना आवाज वाढवावा लागतो. वळणं घेण्यात ती स्पोर्ट्स कार नाही आणि तसा तिचा दावाही नाही. लांब पल्ल्याच्या रोजच्या प्रवासाला ही गाडी घेऊ नका.

चौघं बसतात का? मुलांना घेऊन जाता येईल का?

कागदावर चार. प्रत्यक्षात दोघं, आणि मागे पिशव्या. समोरच्या सीट पुढे ओढल्या तर लहान मूल मागे मावतं, पण एअरबॅग या गाडीत नाहीत आणि टकरीच्या संरक्षणाचा विचार १९८२ साली आलेल्या सांगाड्याचा आहे. मुलांची शाळेची ने-आण हेच मुख्य काम असेल तर दुसरी गाडी बघा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण मुलांना ही गाडी कमालीची आवडते.

फक्त जपानात विकलेली गाडी ब्रिटनमध्ये इतक्या संख्येने कशी?

दोन्ही देशांत गाड्या डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं. हे झालं सोपं कारण. दुसरं कारण जपानच्या नियमांत आहे. तिथे ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी साधारण दर दोन वर्षांनी होते आणि ती खर्चिक आहे. शिवाय १३ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर कर वाढतो. त्यामुळे अजून ठणठणीत असलेल्या गाड्या लिलावात येतात आणि बंदरातून बाहेर जातात. ब्रिटनमधल्या आयातदारांनी फिगारो मोठ्या संख्येने उचलल्या आणि केवळ याच गाडीवर काम करणारी गॅरेजं तिथे उभी राहिली. गिटारवादक एरिक क्लॅप्टनकडे एक होती. बीबीसीच्या मुलांच्या एका मालिकेत नायिका हिरवी फिगारो चालवायची. अशा जाहिरातीला पैसे पडत नाहीत.

लंडनमध्ये रोज वापरता येईल का?

वापरता येईल, पण आधी हिशेब करा. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे धुराच्या मर्यादेचं क्षेत्र, लंडनच्या सर्व बरोंना, म्हणजे प्रशासकीय विभागांना, लागू आहे. पेट्रोल गाडीला साधारणपणे युरो ४ या धुराच्या मानकाची अट आहे आणि १९९१ च्या गाडीकडून ती अपेक्षा कोण करणार? अट न पाळणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. हॅरो किंवा वेम्बलीत राहून ऑफिसला रोज फिगारोने गेलात तर शुल्कच वर्षाला गाडीच्या देखभालीहून जड होईल. गाडीला ४० वर्षं झाली की ऐतिहासिक वाहनाची सवलत मागता येते. म्हणजे १९९१ ची गाडी २०३० चं दशक सुरू झाल्यावर त्या वयाला पोहोचते. विशिष्ट गाडीचा नंबर लंडनच्या वाहतूक विभागाच्या वेबसाइटवर टाकून पाहा, ऐकीव माहितीवर पैसे देऊ नका.

पेट्रोलबद्दल: तिथल्या पंपांवरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इतक्या जुन्या रबरी नळ्या आणि सीलसाठी ते बरं नाही. जाणकार मालक ५ टक्केवालं महाग पेट्रोलच भरतात.

विकत घेताना काय तपासावं?

सगळ्यात आधी गंज, मग बाकी सगळं. इंजिन दुरुस्त होतं, सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो. दारांखालची पट्टी, चाकांच्या कमानी, बॅटरीखालची जागा, समोरच्या काचेची चौकट, डिकीचा तळ, एवढं टॉर्च घेऊन बघा आणि गाडी लिफ्टवर चढवून खालूनही बघा. जपानातून ब्रिटनला आलेल्या गाडीने तिथल्या रस्त्यांवरचं हिवाळी मीठ किती वर्षं खाल्लंय हे महत्त्वाचं. नवा चकचकीत रंग पाहून खूश होऊ नका, उलट जास्त संशय घ्या.

दुसरा मुद्दा पाणी. छताच्या कडेचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं. कार्पेट उचलून हात लावा. ओल लागली किंवा कुबट वास आला तर तळाचा पत्रा तपासल्याशिवाय पुढची बोलणी करू नका.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. मागून निळसर धूर आला तर टर्बो किंवा इंजिन तेल जाळतंय. रहदारीत वीस मिनिटं चालवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. छोट्या बॉनेटखाली टर्बो, एसी आणि पस्तिशीकडे आलेला रेडिएटर दाटीवाटीने बसलेत. गाडी तापली तर हेड गॅस्केटपर्यंत प्रकरण जातं. ऑटोमॅटिक गिअर झटका न देता बदलायला हवा. एसी चालू करून बघा. ‘फक्त गॅस भरायचाय’ हे वाक्य जगातला प्रत्येक गाडी विकणारा बोलतो.

आतली क्रोमची पट्टी, बटणं, व्हील कॅप, दिव्यांच्या कडा जागेवर आहेत ना, हे मोजून घ्या. क्षुल्लक वाटतात, पण खर्च तिथेच होतो. कारण पुढच्या उत्तरात.

शेवटी कागद. काटा मुळात किलोमीटरचा असतो आणि ब्रिटनमध्ये तो मैलांवर आणलेला असतो. त्या बदलात आकड्यांचा घोळ घालणं सोपं आहे. जुन्या तपासणीच्या नोंदी क्रमाने लावून आकडा चढताच आहे ना, ते पाहा.

सुटे भाग मिळतात का? आपल्याकडच्या मायक्राचे बसतील का?

यांत्रिक भाग बऱ्यापैकी मिळतात, कारण बरेचसे पहिल्या पिढीच्या मार्च-मायक्राशी जुळतात. फक्त फिगारोसाठी घडलेली वस्तू, म्हणजे काचा, छताचं कापड, क्रोम, दिव्यांच्या चौकटी, सीटचं कातडं, ही एकतर मोडीत निघालेल्या गाडीतून मिळते किंवा ब्रिटन-जपानमधल्या खास दुकानांतून.

भारतात विकली गेलेली मायक्रा चेन्नईजवळच्या ओरगडममध्ये बनायची आणि ती चौथ्या पिढीची. नाव तेवढं एक. सुटे भाग म्हणून तिचा उपयोग नाही. नातेवाइकांना पुण्याहून ब्रेक शू घेऊन यायला सांगू नका.

भारतात आणता येईल का?

सर्वसाधारण नियमाने नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि जी चालते तिच्यावरचं शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त होतं. दुसरीकडून प्रयत्न केला, तर व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणीला ५० वर्षं पूर्ण लागतात. फिगारो या दोन नियमांच्या बरोबर मधे अडकलीय: वापरलेली म्हणून फार म्हातारी, व्हिंटेज म्हणून फार तरुण. १९९१ मध्ये ५० मिळवा, २०४१ येतं. कायदे बदलत असतात, तेव्हा कोणी ‘मी जमवतो’ म्हणाला तर आधी सीमाशुल्क विभागाचा लेखी नियम मागा आणि मग अॅडव्हान्सचं बोला.

अमेरिकेतल्या मंडळींचं काय?

तिथे २५ वर्षं झालेल्या गाडीला केंद्राच्या सुरक्षा नियमांतून सूट आहे, त्यामुळे २०१६ पासून फिगारोची वाट मोकळी झाली. राज्यांचे धुराचे नियम वेगळे असतात. कॅलिफोर्नियात राहत असाल तर आधी चौकशी करा. उजवीकडचं स्टिअरिंग घेऊन ड्राइव्ह-थ्रूमध्ये कॉफी घेताना शेजारी बसणाऱ्याला कामाला लावावं लागेल.

याच धर्तीच्या दुसऱ्या जपानी गाड्या कुठल्या?

पाईक मालिकेतल्याच घ्यायच्या तर पाओ. बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्या, वर उघडणाऱ्या काचा, पन्हाळीदार रेषांचा पत्रा. मॅन्युअल गिअरही मिळतो आणि फिगारोपेक्षा जास्त बनल्यामुळे निवडायला वाव असतो. खरं सांगायचं तर रोजच्या वापराला मी फिगारोच्या आधी पाओ सुचवेन. चार माणसं बसतात आणि टर्बोची काळजी नाही.

फिगारोनंतर ही लाट छोट्या गाड्यांत पसरली. मित्सुओका कंपनीने १९९३ पासून मार्चला जुन्या जग्वारचा चेहरा चढवून व्ह्यूट विकली. १९९५ मध्ये सुबारूची विवियो बिस्ट्रो आली, १९९९ मध्ये दायहात्सूची मिरा जिनो. या बऱ्याचशा नेहमीच्या गाडीला क्रोमचं नाक लावून केलेल्या आहेत, बाजूने पाहिलं की सोंग उघडं पडतं. सुझुकीची लापाँ आणि होंडाची एन-वन या दोन अपवाद. मुळातूनच तशा आखलेल्या, आणि केई असल्याने जपानात राहणाऱ्यांना कर आणि पार्किंग दोन्हीला सोयीच्या. टोकियोत नोकरीला असाल आणि एकच गाडी परवडणार असेल, तर एन-वन घ्या आणि फिगारो रविवारी भाड्याने चालवून बघा.